शेऱ्याचा रकाना

"काय मामा, धरण धुऊन वाळत घातलंय का?"

हा प्रश्न बादलीमामाला सव्वीस वर्षांत किती जणांनी विचारला असेल, त्याला गणती नाही. विचारणाऱ्या प्रत्येकाला वाटायचं की हा विनोद आपल्यालाच पहिल्यांदा सुचलाय. मामा सुरुवातीची काही वर्षं हसायचा, मग काही वर्षं समजावून सांगायचा, आणि शेवटची बरीच वर्षं नुसता दात-ओठ खात पुढे जायचा.

धरण तसं लहानसंच होतं. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत चारशे पावलं लांबीचा मातीचा बांध, माथ्यावरून एक ट्रॅक्टर जेमतेम जाईल एवढी रुंदी. पाठीमागे मोठा परातीसारखा खोलगट भाग, आणि त्याच्या तळाशी बदकं पोहतील एवढं एक डबकं. त्या डबक्यात सिमेंटचा एक उभा हौद. पाणी हौदाच्या तोंडापर्यंत चढलं की आत पडायचं आणि बांधाच्या पोटातल्या मोठ्या नळातून पलीकडे ओढ्याला जाऊन मिळायचं. ढगफुटीसारखा पाऊस झालाच तर ती अख्खी परात भरावी आणि त्या एका नळातून तीन-चार दिवसांत सावकाश रिकामी व्हावी, अशी योजना. म्हणजे या धरणाचं काम रिकामं राहण्याचं. पुढचा पूर पोटात घ्यायला जागा हवी ना! इतकी साधी गोष्ट, पण खालच्या गावात ती कुणाच्या डोक्यात शिरली असेल तर शपथ. धरणात पाणी नाही म्हणून लोक हसत होते, आणि त्याच कारणाने त्यांची घरं कोरडी होती.

चाळीस वर्षांपूर्वी त्या ओढ्याने एका दुपारी अकरा घरं आणि पिठाची गिरणी नेली, म्हणून हा बांध झाला. त्यानंतर पूर आलाच नाही. आता गावातली निम्मी माणसं त्यानंतर जन्मलेली. ती म्हणत, "इथे कुठला पूर? आम्ही तर कधी पाहिला नाही!" यावर मामा काय बोलणार? जे घडलंच नाही त्याचा पुरावा आणायचा कुठून? त्याचं अख्खं आयुष्य या एका प्रश्नापाशी येऊन अडकलं होतं.

मामा त्या धरणाचा राखणदार. रोज सकाळी काठी घेऊन माथ्यावरून जायचं, उतारावर घुशींनी बीळ केलंय का बघायचं, असलं तर माती ठोकून बुजवायचं, वीतभर जरी झुडूप दिसलं तरी मुळासकट उपटायचं. गावच्या शाळेने एकदा झाडं लावण्याच्या उत्साहात बांधाच्या उतारावर शंभर रोपं लावली. मामाने दुसऱ्या दिवशी शंभरच्या शंभर उपटली. झाडाची मुळं बांधात शिरतात, वाळली की तिथून पाणी वाट काढतं, हे त्याने मुख्याध्यापकांना पंचवीस मिनिटं समजावलं. मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं आणि मुलांना सांगितलं, की काही माणसांना हिरवळ बघवत नाही.

आणि दर सोमवारी बादली. त्यावरूनच त्याचं नाव पडलं होतं. बांधाच्या गावाकडच्या पायथ्याशी, ब्याऐंशी पायऱ्या उतरून गेलं की मनगटाएवढी एक नळी बाहेर आलेली होती. मातीच्या बांधातून थोडं पाणी झिरपतंच, ते या नळीतून बाहेर पडायचं. तिच्याखाली बादली ठेवायची आणि ती भरेपर्यंत आकडे मोजायचे. भरायला वेळ लागला तर बांध ठीक. लवकर भरली, किंवा पाणी गढूळ आलं, तर समजायचं की आतून माती वाहून चाललीय. मामाला हे शिकवलं ते पहिल्या वर्षीच्या म्हाताऱ्या साहेबांनी. ते म्हणाले होते, "गढूळ पाणी दिसलं की मला उठवायचं. झोपलो असलो तरी, जेवत असलो तरी." साहेब दोन वर्षांत बदलून गेले. त्यांच्यानंतर आलेल्यांना मामाने कधी उठवलं नाही, कारण तशी वेळ आली नाही, आणि आली असती तरी कुणाला उठवायचं हे त्याला ठाऊक नव्हतं.

मोजलेला आकडा वहीत जायचा. तारीख, डबक्याची पातळी, बादलीचा आकडा, आणि शेवटी शेरा असे चार रकाने. महिना संपला की त्या पानांची नक्कल मोठ्या गावातल्या कार्यालयात पाठवायची. ती आठ-दहा दिवसांनी परत यायची, खाली गोल शिक्का मारलेला: "पाहिले". शेऱ्याचा रकाना कोरा राहिला तर मात्र कारकून नक्कल शिक्का न मारताच परत पाठवायचा. त्या रकान्यात काय लिहिलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नव्हतं, तो भरलेला हवा एवढंच. त्यामुळे मामा काहीबाही लिहायचा. "वारा जास्त." "दोन बिळे बुजवली." "आज बादलीला भोक, उशीर."

याशिवाय अर्ज. हौदाची जाळी गंजली, कुंपण पडलं, पायऱ्यांना कठडा द्या. कठड्यासाठी तर नऊ अर्ज. पावसाळी दिवसांत त्या पायऱ्या शेवाळलेल्या असायच्या आणि धरायला काही नव्हतं. एकाही अर्जाला उत्तर आलं नाही. नकारसुद्धा आला नाही; नकार आला असता तर भांडता तरी आलं असतं.

एकोणिसाव्या वर्षी मामाचं डोकं फिरलं. त्याने शेऱ्याच्या रकान्यात सुबक अक्षरात लिहिलं: "आज धरण चोरीला गेले." नक्कल नवव्या दिवशी परत आली. खाली शिक्का होता, "पाहिले". जरा तिरका पडला होता, इतकंच.

त्या दिवशी मामा लेकीकडे गेला आणि तिला तो कागद दाखवून इतका हसला, इतका हसला, की त्याला ओट्याला धरून उभं राहावं लागलं. लेक खालच्या गावातच होती, ओढ्याकाठच्या शेवटच्या घरात. तीही हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाबांच्या डोळ्यांतून येणारं पाणी आता हसण्याचं राहिलेलं नाही. तिने चहा टाकला आणि विषय बदलला.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मामाच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते, आणि कार्यालयातून एक पत्र आलं. सव्वीस वर्षांत त्यांच्याकडून आपणहून आलेलं पहिलं पत्र. "सदर धरण बहुतांश काळ रिकामे असल्याने राखणदाराचे पद पुढे चालू ठेवण्याची आवश्यकता आहे काय, हे तपासण्यासाठी कनिष्ठ अभियंता भेट देतील."

मामा पत्र घेऊन तडक लेकीकडे गेला.

"म्हणजे माझ्यानंतर कुणीच नाही! बिळं कोण बुजवणार? बादली कोण लावणार?"

लेक कपडे वाळत घालत होती. "बाबा, सव्वीस वर्षं तुम्ही बादली लावलीत. काय झालं?"

"काही झालं नाही!"

"तेच म्हणतेय मी."

"अगं, काही झालं नाही हेच तर... तुझ्यासकट सगळ्यांपुढे हात टेकले मी." मामा पाय आपटत अंगणात फिरला. "तुझं घर पहिलं आहे ओढ्याला. बांधाला काही झालं तर पहिलं पाणी तुझ्या चुलीत येणार. माझं सोड, मी दोन महिन्यांचा पाहुणा. पण माझ्यानंतर तिथे एक माणूस हवा. एवढं एक मला मिळवायचंय, मग मी गप्प बसेन."

"तुम्ही आणि गप्प?" लेक म्हणाली. पण तिने त्याचा एक सदरा धुवायला आणि इस्त्रीला ठेवून घेतला.

आठवडाभर मामाने माथ्यावरचं गवत कापलं, बांधाच्या टोकाशी असलेल्या आपल्या खोलीची फरशी घासली आणि सव्वीस वह्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून त्या टेबलावर ओळीने मांडल्या. ही त्याची बाजू होती. इतकी वर्षं, दर सोमवारी एक आकडा. हे बघितल्यावर कुणाची हिंमत आहे पद बंद करायची, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता.

अभियंता म्हणून आल्या त्या एक तिशीच्या बाई, चिखलाचे बूट घातलेल्या, दुचाकीवरून. मामाने खुर्ची पुसून दिली. बाईंनी माथ्यावरून एक चक्कर मारली, बुजवलेल्या बिळांवर पाय देऊन बघितला, आणि खोलीत येऊन पहिली वही उघडली. मामाला वाटलं, दोन पानं चाळतील आणि म्हणतील, छान. बाईंनी दुसरी वही उघडली. तिसरी. त्या खरंच वाचत होत्या, आकड्यांवरून बोट फिरवत, मध्येच आपल्या कागदावर काही टिपून घेत. मामा चहा गाळत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती वही वाचत होतं. त्याला इतका आनंद झाला की त्याने चहात साखर दोनदा घातली.

"मामा," बाई म्हणाल्या, "कोरड्या दिवसांत साठ, बासष्ट. पावसात चाळीसच्या आत. डबकं जसं चढतं-उतरतं तसाच आकडा. इतकी जुनी नोंद आमच्याकडे एकाही धरणाची नाही. तुम्हाला माहीत आहे का हे किती कामाचं आहे?"

"मला माहीत आहे," मामा म्हणाला. "मी सांगून सांगून थकलो."

एकोणिसाव्या वहीत टाचलेली ती नक्कल दिसली तशा बाई थांबल्या, आणि खो-खो हसल्या. "धरण चोरीला गेले! आणि यावर शिक्का?"

"तिरका," मामा म्हणाला. दोघंही हसले. पद वाचलं, मामाच्या मनाने घेतलं.

मग बाईंनी चोविसावी वही उघडली, आणि थोड्या वेळाने हसायच्या थांबल्या. त्यांनी तेविसावी पुन्हा ओढली. चोविसावी तिच्याशेजारी ठेवली. पंचविसावी. सव्विसावी. चारही वह्या एकाच पानावर उघडून टेबलावर पसरल्या.

"मामा, तुमच्या बादलीला दर वर्षी पाचव्या महिन्याच्या दुसऱ्याच सोमवारी भोक पडतं का?"

इथे एक गोष्ट सांगायची राहून गेलीय. राहून गेली म्हणजे, मामानेही ती कुणाला सांगितली नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून त्याचा पाय घसरला आणि गुडघा सुजून कलिंगडाएवढा झाला. त्या सोमवारी त्याला खाली उतरवेना. त्याने मागच्या वर्षीची वही काढली आणि त्याच आठवड्यातला आकडा या वर्षीच्या वहीत लिहिला. फक्त तेवढ्यापुरता. पुढच्या सोमवारी सूज होतीच. त्याच्या पुढच्या सोमवारी सूज उतरली होती, पण ब्याऐंशी पायऱ्या जिवावर आल्या. आणि खरं सांगायचं तर नुसत्या पायऱ्या नव्हत्या, रागही होता. कठड्याचे नऊ अर्ज कचऱ्यात घालणाऱ्यांसाठी मी माझं हाडूक मोडू? जे धरण चोरीला गेलेलं वाचत नाहीत, ते आकडा वाचणार? बघू या, धरतात का! ते काही धरेनात. मग त्याची सवय झाली. रेडिओ लावायचा, जुनी वही डाव्या हाताला, नवी उजव्या हाताला, आणि शेऱ्यासकट सगळं उतरवायचं. बादलीचं भोकही असंच उतरलं, तीन वेळा.

इतकी वर्षं तो वाट बघत होता की कुणीतरी वाचावं. वाचणारं माणूस आलं, आणि त्याने पहिलं पकडलं ते मामालाच.

"मामा?" बाई म्हणाल्या.

मामाने खोटं बोलून पाहिलं असतं, पण चार वह्या समोर होत्या. "गुडघा," तो म्हणाला. मग म्हणाला, "नाही. गुडघा फक्त सुरुवातीला." आणि त्याने सगळं सांगितलं, रागावून, अडखळत, मध्येच कार्यालयाला शिव्या घालत, आणि शेवटी शिव्या कुणाला घालायच्या ते न कळून गप्प बसला.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामाला वाटलं. त्या उठल्या, कोपऱ्यातली बादली उचलली आणि म्हणाल्या, "चला खाली."

पहिल्या साठ पायऱ्या मामा आडवं पाऊल टाकत, एकेक करत उतरला. उरलेल्या बावीस तो बसून, घसरत उतरला. इस्त्रीच्या कपड्यांना हिरवं शेवाळ लागलं. बाई पुढे जाऊन उभ्या होत्या. खाली कमरेएवढं गवत माजलेलं होतं आणि मामाला नळी सापडेना. डोळे मिटून जिथे बादली ठेवायचा, तिथे तो काठीने गवत बाजूला करत चाचपडत होता. शरमेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी पाण्याचा आवाज आला, त्यावरून नळी सापडली. तीन वर्षांपूर्वी तिथे असा आवाज नव्हता. तेव्हा नळीतून पाणी करंगळीएवढं, मुकाट पडायचं.

बाईंनी बादली ठेवली आणि फोनवरचं घड्याळ चालू केलं. मामा सवयीने तोंडाने मोजू लागला. अकरा, बारा, तेरा... अठराला बादली भरून वाहिली.

बाईंनी फोन पुढे केला. त्यावरही अठरा. वहीत या आठवड्याचा आकडा होता सेहेचाळीस.

"तुम्ही असंच मोजत होता नेहमी? तोंडाने?"

"घड्याळ पहिल्याच वर्षी बंद पडलं. अर्ज केला होता."

"फोनकडे न बघता साठपर्यंत मोजा."

मामाने मोजले. फोनवर एकसष्ट झाले होते. "म्हणजे आधीची तेवीस वर्षं खरी आहेत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी बादली हळूहळू कलती केली. वरचं पाणी ओतलं गेलं. तळाशी पिवळट मातीचा थर राहिला होता, बोटाच्या पेराएवढा. मामाने त्यात बोट घातलं. बांधाची माती होती. या मातीने त्याने आयुष्यभर बिळं बुजवली होती, ती तो हाताने ओळखायचा.

त्याने मान वर केली. नळीच्या अगदी सरळ रेषेत, ओढ्याच्या वळणावर, लेकीच्या घराचं छप्पर दिसत होतं. दोरीवर कपडे होते. तीन वर्षं ती त्या दोरीवर कपडे घालत होती, आणि तिचा बाप वर बसून रेडिओ ऐकत भोक पडलेल्या बादलीचं शुद्धलेखन करत होता. मामाला रडू आलं नाही, भीती वाटली, नुसती भीती.

"मॅडम," तो म्हणाला, "हे पाणी गढूळ आहे. कुणाला तरी उठवा."

खाली फोन लागत नव्हता. बाई त्या ब्याऐंशी पायऱ्या पळत चढल्या.

आता गंमत बघा. जे कार्यालय सव्वीस वर्षांत कठड्याची एक सळई देऊ शकलं नाही, ते आठ दिवसांत जागं झालं. तेवीस वर्षांचे आकडे एकीकडे आणि अठरा दुसरीकडे, असा कागद बाईंनी वरच्या साहेबांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी तिथल्या तिथे मंजुरी दिली. डबकं उपसलं, यंत्रं आली, पायथा खणला. हौदाच्या मोठ्या नळाभोवतीची माती वाहून जाऊन आत पोकळी झाली होती, कोपरापर्यंत हात जाईल एवढी. त्यात थरांनी वाळू, खडी आणि चिकणमाती भरून, दाबून, पुन्हा बांध उभा केला. पाच आठवडे काम चाललं. मामा माथ्यावर खुर्ची टाकून रोज बसायचा आणि कुणीही न विचारता सूचना करायचा. कामगार "हो मामा, हो मामा" म्हणायचे आणि आपल्याला हवं तेच करायचे. जाताना त्यांनी पायऱ्यांना लोखंडी कठडा बसवला. तो बघून मामाला जो संताप आला, तो शब्दांत सांगता येत नाही.

त्याच सुमाराला त्याला कार्यालयाचं दुसरं पत्र आलं. तीन वर्षांच्या खोट्या नोंदींबद्दल लेखी खुलासा करावा.

मामा दोन दिवस खुलासा लिहीत होता. गुडघा आला, शेवाळ आलं, नऊ अर्जांच्या तारखा आल्या, चोरीला गेलेलं धरण आलं, तिरका शिक्का आला. सात पानं झाली. मग त्याने ती वाचून बघितली. सगळं खरं होतं, आणि त्यातल्या कशानेही ती बादली अठराची सेहेचाळीस होत नव्हती. त्याने सातही पानं फाडली आणि एका कोऱ्या कागदावर लिहिलं: "कोणी वाचत नाही असे समजून लिहिले. चूक माझी."

दहा दिवसांनी खुलाशाची नक्कल परत आली. खाली शिक्का होता. "पाहिले".

मामा कपाळावर हात मारून खुर्चीत बसला. शिक्षा झाली नाही, निरोप समारंभही झाला नाही. ठरलेल्या तारखेला त्याने खोलीची किल्ली आणि सव्वीस वह्या बाईंच्या स्वाधीन केल्या आणि आपली पिशवी घेऊन लेकीकडे राहायला गेला.

पद मात्र राहिलं. बाईंनी अहवालात तसंच लिहिलं. आणि पायऱ्या चढू-उतरू शकेल असं, सगळ्यात जवळ राहणारं माणूस शोधत त्या आल्या त्या थेट लेकीच्या दारात. लेकीने आधी कानांवर हात ठेवले. "लहानपणापासून या बांधाचं पुराण ऐकतेय मी. आई होती तोवर ती ऐकायची, मग मी. आता मलाच तिथे पाठवता?" पण बाईंनी तिला त्या बादलीतल्या मातीचा फोटो दाखवला. लेकीने फोटोकडे, मग ओट्यावरच्या भांड्यांकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी ती जाऊन किल्ली घेऊन आली. मग चार दिवस तिने बापाला चहा दिला तो कप आपटून. मामाने तो मुकाट्याने घेतला. आपल्याला मिळायला हवी होती ती शिक्षा मिळाली असं त्याला वाटलं.

मग पाऊस आला, आणि तीन दिवस थांबलाच नाही. धरणाची परात पहिल्यांदा दोन तृतीयांश भरली. विनोद करणारे सगळे छत्र्या घेऊन माथ्यावर जमले आणि तांबड्या पाण्याकडे तोंडात बोट घालून बघत उभे राहिले. लेक सकाळ-दुपार खाली जाऊन बादली लावत होती, नव्या कठड्याला धरून. मामा वरच्या पायरीवर छत्री घेऊन उभा. ती खालून ओरडून आकडा सांगायची, आणि तो "पुन्हा मोज!" म्हणून ओरडायचा. ती पुन्हा मोजायची. पाणी स्वच्छ होतं. चार दिवसांत परात नळातून रिकामी झाली, आणि खालचा ओढा काठ सोडून वीतभरही बाहेर आला नाही.

पाचव्या दिवशी मामा चहाच्या दुकानात गेला. दुकानदाराने कप पुढे केला आणि म्हणाला, "एवढा पाऊस झाला मामा, पण पूर काही आला नाही बघा. हे रेडिओवाले उगाच घाबरवतात."

मामाने कप खाली ठेवला. मग चहा तसाच टाकून तो घरी आला.

लेक जेवणाआधी वही भरत बसली होती. सत्ताविसावी वही, नवीकोरी. मामाने ती तिच्यापुढून ओढून घेतली आणि चष्मा लावून वाचू लागला. तो दर सोमवारी वाचायचा, पहिल्या तारखेपासून, बोट फिरवत. लेकीला त्याचा वैताग यायचा. तारीख होती. पातळी होती. आकडा होता, चौतीस. पुढचा रकाना मोकळा.

"शेरा कोरा का?"

"काय लिहू? काही झालं नाही या आठवड्यात."

मामा एकदम चिडला. "काही झालं नाही? अकरा घरं गेली असती! गिरणी गेली असती! हे घर..." त्याने वही तिच्यापुढे सरकवली. "तेच लिही. आणि उतरवून नको, दर वेळी बघून लिही."

लेकीने पेन उचललं आणि लिहिलं: "काही झाले नाही." मामाने वही परत घेतली, ती एवढीशी ओळ दोनदा वाचली, आणि मग उठून अंगणात गेला, बादलीला भोक पडलंय का ते बघायला.